शिस्त आणि इंग्रजी एवढंच?

ख्रिस्ती प्राथमिक शाळांच्या मूल्यांवरचा एक लेख वाचला. या शाळांची मूल्यं म्हणजे ‘शिस्त आणि उत्तम इंग्रजी’, हे त्यातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. पुढे याच मिशनच्या सिंथिया फरार बाईंनी अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांचं काम पाहूनच जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांची शाळा उभी राहिली. ज्यांना कुणीच शिकवत नव्हतं त्यांना आधी शिकवायचं, ही या कामामागची दृष्टी! मी स्वतः नगरला मिशनच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. सकाळी प्रभूची प्रार्थना व्हायची, आणि वर्गात झाडूवाल्याचं मूल नि मामलेदाराचं मूल एकाच सतरंजीवर बसायचं. बाई मुद्दाम जागा बदलायला लावत.

लेखात प्रवेशाचा विषयच नाही, हे जास्त खटकलं. शिक्षण हक्क कायदा ख्रिस्ती शाळांसारख्या अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. म्हणजे दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याची सक्तीही नाही. आपल्या संस्था आपण चालवण्याचा अल्पसंख्याकांचा घटनादत्त अधिकार मला पूर्ण मान्य आहे. पण सक्ती नाही म्हणून शेजारच्या वस्तीतलं मूल फाटकावरून परत जात असेल, तर माहितीपत्रकातल्या ‘प्रेम आणि सेवा’ या शब्दांवर पालकांनी विश्वास कसा ठेवायचा? लेखकाने शाळांना एवढं तरी विचारायला हवं होतं: फी न परवडणारी किती मुलं तुमच्या पहिलीत आहेत?