मानशीला रिमोट नसतो

चवथीपासून आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या गटांवर एक संदेश फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: ‘कंट्रोल इंजिनिअरिंग लोकांपर्यंत न्यायला अनुदान देणं म्हणजे करदात्यांच्या पैशाने शाळांत रोबोटची खेळणी वाटणं. ही कारखान्यांची विद्या, आणि एआय आल्यावर तीही जुनी झाली. त्यापेक्षा मानशींची डागडुजी करा.’ तिघांनी मला पाठवला, म्हणून लिहितो. कंट्रोल इंजिनिअरिंग म्हणजे यंत्राने स्वतःची स्थिती जोखून स्वतःला आवरावं अशी व्यवस्था करण्याची विद्या; मानशी म्हणजे शेताच्या बांधातली पाण्याची दारं.

‘करदात्यांचा पैसा’ सरसकट खरा नाही. आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या कंट्रोल सिस्टिम्स सोसायटीचा आउटरीच फंड, म्हणजे विषय लोकांपर्यंत नेण्याचा निधी आहे, तो त्या संस्थेचा. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा पैसा कंपन्यांचा: २०१३च्या कंपनी कायद्याने पात्र कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात, त्यात शिक्षण येतं. सरकारी योजना वेगळ्या.

‘कारखान्यांची विद्या’ वाचून हसू आलं, कारण मानशीचं नाव लिहिणाऱ्यानेच काढलंय. खाजनाच्या, म्हणजे भरतीच्या नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या बांधातलं ते लाकडी दार बघा. भरती चढली की नदीचं पाणीच ते लोटून बंद करतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आत साचलेलं पाणी दार उघडून निघून जातं. पातळीतला फरक हीच खबर आणि तोच हुकूम. ही नुसती एकतर्फी झडप, असं कुणी म्हणेल. बरं, मग गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट घ्या: पाणी चढलं की तो वर येऊन नळ मिटवतो, उतरलं की उघडतो. जेम्स वॉटने १७८८मध्ये वाफेच्या इंजिनाला लावलेल्या गव्हर्नरची, म्हणजे वेग आवरणाऱ्या यंत्राची जातकुळी हीच. वेग वाढला की त्याचे फिरते गोळे फाकतात, वाफ कमी होते, वेग उतरतो. टाकीचं झाकण उचलून हे दाखवायला रोबोट कशाला हवा?

एआयमुळे ही विद्या जुनी झाली म्हणाल तर चांद्रयान-२चं फसलेलं उतरणं आठवा. इस्रोने नंतर सांगितलं की इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त लागला, चुका साचत गेल्या, आणि त्या निस्तरायला यानाने झपाट्याने वळायला हवं होतं तेव्हा वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरचीच मर्यादा होती. हा निव्वळ कंट्रोलचा धडा. तो गिरवूनच २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३ उतरलं.

मानशींना पैसा मिळायलाच हवा, पण आउटरीचचा निधी अडवून तो तिकडे वळत नाही. ते खातंच निराळं.

खेळण्यांबद्दलचा टोमणा मात्र मला लागला. अशा कार्यशाळांना मी मदत करतो. किटला पैसे चटकन मंजूर होतात, फोटोही छान येतात. पुढच्या वर्षी त्याच शाळेत परत जायला भाडंसुद्धा नसतं. एका शाळेच्या कपाटात आमचं किट दोन वर्षं पडून होतं, बॅटरी फुगलेली. तो अर्ज मीच लिहिला होता. पुढच्या अर्जात किट खाली ढकलून वर बसभाडं लिहिणार आहे, मुलांना ओहोटीच्या वेळेला मानशीपाशी न्यायचं.