मला कुणी विचारलं नाही

शनिवारी रात्री साडेदहाची वेळ. आईची मालिका संपलेली, बायकोने उद्याच्या इडलीचं पीठ वाटून झाकून ठेवलेलं आणि चिरंजीव अभ्यासाच्या नावाखाली खोलीचं दार लोटून बसलेले. आठवड्यातले हे दोन तास माझे. त्रेचाळिसाव्या वर्षी माणसाने या वेळात चार पानं वाचावीत, निदान प्राणायाम करावा, असं आईचं मत आहे. मी संगणकावर एज ऑफ एम्पायर्स हा खेळ खेळतो.

लॅपटॉप उघडला, ऑनलाइन दुकानातून घेतलेले माझे सगळे खेळ जिथे दिसतात त्या लायब्ररीच्या चिन्हावर टिचकी मारली आणि समोर जे आलं ते पाहून वाटलं, चुकून चिरंजीवांचं खातं उघडलं. मग कोपऱ्यात माझंच नाव दिसलं. घरफोडी झालेल्या घरात माणूस उभा राहतो तसा मी बसलो होतो. फरक एवढाच की चोरीला काही गेलं नव्हतं. फक्त सगळं सामान कुणीतरी हलवून, पुसून, भलत्याच जागी लावून ठेवलं होतं.

आधीची मांडणी कशी होती सांगतो. डावीकडे बारीक अक्षरांत नावं, एकाखाली एक, किराणा दुकानाच्या यादीसारखी. एका नजरेत चाळीस खेळ. उजवीकडे करडी मोकळी जागा, जिचा काही उपयोग नव्हता आणि म्हणूनच ती डोळ्यांना बरी वाटायची. आता तिथे उभी पोस्टरं लटकत होती, सिनेमा थिएटरच्या बाहेर असतात तशी, एका ओळीत पाच. त्यांच्या डोक्यावर एक जाडजूड पट्टा, त्यात मी न घेतलेल्या खेळांच्या बातम्या. म्हणजे माझ्याच कपाटाच्या वरच्या फळीवर दुकानदाराने आपला माल मांडला होता. मधोमध एक चौकट: ‘तुमच्या लायब्ररीचं नवं रूप!’ तिच्याखाली ‘पुढे’, मग आणखी एकदा ‘पुढे’, आणि शेवटी ‘समजलं!’. ‘समजलं नाही’ असं बटणच नव्हतं.

या दुकानाचं नाव मी घेत नाही. कारण भीती, दुसरं काही नाही. माझे दोनशे चौदा खेळ त्यांच्या ताब्यात आहेत.

आणि ताब्यात म्हणजे खरोखरच ताब्यात. आपण खेळ विकत घेतो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात मिळतो तो वापरायचा परवाना. २०२४ च्या ऑक्टोबरपासून स्टीम नावाच्या अशाच एका खेळांच्या ऑनलाइन दुकानात पैसे भरताना तसं स्पष्ट लिहूनच येतं. कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला आणि तो २०२५ च्या सुरुवातीपासून लागू झाला. थोडक्यात, आपण पागडीवरचे भाडेकरू. घरमालकाने रात्रीतून जिना दुसऱ्या बाजूला नेला तरी सकाळी आपण त्याच जिन्याने उतरायचं.

पोस्टरांचं एक वेळ चाललं असतं. माझे कप्पे गेले होते, ते सहन होण्यासारखं नव्हतं. दहा वर्षं खपून मी माझ्या खेळांचे कप्पे केले होते आणि त्यांना मराठी नावं दिली होती: ‘रोजचे’, ‘सेलमध्ये घेतलेले’, ‘लॅपटॉप तापतो’, ‘मुलगा झोपल्यावर’ आणि सगळ्यात मोठा ‘निवृत्तीनंतर’. नव्या मांडणीत कप्प्यांची बाराखडी लागली, पण इंग्रजीची. संगणकाच्या हिशेबात देवनागरी अक्षरांचे क्रमांक रोमन अक्षरांच्या पुढचे असतात, त्यामुळे ‘रोजचे’ हा कप्पा झेडच्याही खाली, तळाला. रोज लागणारी वस्तू माळ्यावर. बरं, खाली जाऊन पाहावं तर नव्या फॉन्टने ‘निवृत्तीनंतर’ची पहिली वेलांटी उपटून एका ठिपक्यांच्या गोळ्यावर टांगली होती, आणि ‘न’ बिचारा शेजारी उघडा पडला होता. माझी निवृत्ती माझ्या डोळ्यांदेखत मोडली.

‘सायबर कॅफे’ नावाचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. डोंबिवलीत तासाला वीस रुपये देऊन शेजारी शेजारी बसून एकमेकांना काउंटर-स्ट्राइकमध्ये मारणारी आम्ही नऊ पोरं, आता नऊ बाप. मी फोटो टाकला. तीन मिनिटांत एकसष्ट मेसेज. आमच्यातल्या एकाच्या वडिलांना बायपास सांगितली तेव्हाही इतके आले नव्हते.

बँकेतला मित्र म्हणाला, जुन्यात काय वाईट होतं? यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं, म्हणून सगळ्यांनी अंगठे दिले. दुसऱ्याने ही मांडणी का सोसायची नाही याचे बारा मुद्दे लिहिले, त्यातले चार एकच होते. न्यू जर्सीवाला तिकडून म्हणाला, दोन आठवड्यांत सवय होईल, आणि त्याला सर्वांनी मिळून गप्प केलं. सगळ्यात जास्त जो चिडला होता त्याने सहा वर्षांत एकही खेळ उघडलेला नाही. “मुद्दा तत्त्वाचा आहे,” असं त्याने लिहिलं, आणि पाठोपाठ आपला पासवर्ड काय असेल ते आम्हाला विचारलं.

फक्त एक जण गप्प होता. हा हिंजवडीत ॲपच्या पडद्यांची मांडणी करतो, तेच त्याचं पोट. बरंच डिवचल्यावर त्याने वेगळा मेसेज करून मला कबुली दिली की गेल्या दिवाळीत एका बँकेच्या ॲपमधलं शिल्लक बघायचं बटण त्याने वरून खाली नेलं. तेव्हापासून त्याचे स्वतःचे वडील दर महिन्याच्या एक तारखेला त्याला फोन करून विचारतात, पेन्शन कुठे आहे? “पण का नेलंस?” मी विचारलं. “अंगठा तिथे पोचतो,” तो म्हणाला.

तर या सगळ्या उलथापालथीच्या मुळाशी अंगठा आहे. माणूस खेळासमोर माउस धरून खुर्चीत बसतो, हे आता कुणी गृहीत धरत नाही. तो सोफ्यावर लोळत टीव्हीवर खेळतो किंवा हातात धरायच्या यंत्रावर. २०२२ मध्ये स्टीम डेक नावाचं तसं यंत्र आलं, आणि पुढच्या वर्षी त्याच यंत्राची मांडणी स्टीमने टीव्हीच्या मोठ्या पडद्यालाही लावली. अंगठ्याला बारीक अक्षरांची यादी काय कामाची? त्याला पोस्टर लागतं. माझ्यासारखा पाठीला उशी लावून माउस घासणारा माणूस या हिशेबात कुठे बसतच नाही.

अर्थात ओरडणारे आम्ही पहिले नव्हेत. स्टीमचंच बघा. सप्टेंबर २००३ मध्ये ते आलं तेव्हा कुणालाच नको होतं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात हाफ-लाइफ २ हा खेळ आला, तर दुकानातून डबा विकत आणला तरी इंटरनेटवरून स्टीमची परवानगी आल्याशिवाय खेळ चालू होईना. डायल-अपच्या जमान्यात! लोकांनी बोटं मोडली, त्या शेवाळी रंगाच्या खिडकीला नाही नाही ते बोलले. आज त्याच शेवाळी रंगासाठी माणसं गहिवरतात; काही हौशी लोकांनी तर नव्या खिडकीला तो जुना रंग फासायची सोय करून घेतली. २०१९ मध्ये त्याची लायब्ररी बदलली, सप्टेंबरमध्ये चाचणीला आणि ऑक्टोबरअखेर सगळ्यांना. तेव्हाही अशीच उभी चित्रं, अशाच फळ्या, वर असाच बातम्यांचा पट्टा आणि अशीच बोंबाबोंब. जुन्या खेळांना उभं चित्र मुळात काढलेलंच नव्हतं, तेव्हा लोकांनी स्वतः बसून ती तयार केली, एकमेकांना वाटली. शिव्या देत देत माणसं ज्या निगुतीने चित्रांच्या कडा जुळवतात, ते पाहून मला लग्नघरातल्या रुसलेल्या काकांची आठवण येते. जेवणार नाही म्हणतात, पण पंगतीची पानं तेच मांडतात.

हे सगळं मला ठाऊक होतं. विंडोज ८ मधून २०१२ मध्ये स्टार्टचं बटण उडवलं, तेव्हा मी ऑफिसात आठवडाभर सुतक पाळलं होतं, हेही मला आठवत होतं. पुढच्या वर्षी बटण परत आलं तेव्हा ते मी किती वेळा दाबलं, हे मात्र आठवत नाही.

पण माझं खरं मरण मांडणीत नव्हतंच. ते आकड्यांत होतं.

पोस्टरवर माउस नेला की आता त्या खेळात तुम्ही किती तास घालवलेत ते मोठ्या, पांढऱ्या, ठसठशीत अक्षरांत उमटत होतं. आधी हा आकडा आत कुठेतरी असायचा, आपल्या रक्तातल्या साखरेसारखा. तपासायला गेलात तरच कळणार. मी ‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या पोस्टरवर माउस नेला आणि नेमकी त्याच वेळी बायको पाण्याची बाटली घ्यायला आली.

“अरे, हे ११४३ काय आहे?”

“स्कोअर,” मी म्हणालो.

“तास लिहिलंय.”

ती हिशेबतपासनीस आहे, हे लग्नाआधी मला फार कौतुकाचं वाटलं होतं. तिने तिथेच उभ्या उभ्या भागाकार केला. दिवसाचे नऊ तास धरले तर एकशे सत्तावीस दिवस. शनिवार-रविवार वगळून ऑफिसचे सहा महिने. “म्हणजे सहा महिने तू बिनपगारी मेंढ्या राखल्यास,” ती म्हणाली. हे तिने कधीतरी पाहिलं असणार. खेळाच्या सुरुवातीला खरंच मेंढ्या शोधून गावात आणाव्या लागतात, लाकडं तोडावी लागतात, झोपड्या बांधाव्या लागतात. मी सांगायचा प्रयत्न केला की खेळ १९९९ चा आहे, २०१९ मध्ये तो नवा करून आला, एवढ्या काळात विभागले तर हे तास काहीच नाहीत. “आणि बाल्कनीतला नळ कधीपासून गळतोय?” तिने विचारलं. तो हिशेब मी मांडला नाही.

एवढ्यावर भागलं असतं, पण मी पडदा लपवायला घाईने खाली सरकवला, आणि खालची फळी वर आली. ‘तुम्ही अजून उघडलेले नाहीत.’ शेजारी कंसात १८७. दोनशे चौदापैकी एकशे सत्त्याऐंशी! दर जूनच्या आणि दर डिसेंबरच्या सेलमध्ये मी जे काही घरी आणलं होतं, ते सगळं वेष्टनासकट तिथे ओळीने उभं होतं. ‘निवृत्तीनंतर’ नावाच्या कप्प्यात तेच खेळ किती समंजस, दूरदृष्टीचे वाटायचे. पेन्शन योजनेसारखे. नव्या पाटीखाली ते निव्वळ उधळपट्टी दिसत होते.

“यातले किती पैशांचे?” तिने विचारलं.

“बरेचसे फुकट वाटलेले होते,” मी म्हणालो. काही खरंच होते.

ती काही न बोलता गेली. तिचं न बोलणं मला व्याजासकट कळतं.

त्या तिरमिरीत मी कंपनीला पत्र लिहायला घेतलं. ‘अभिप्राय’ नावाचं बटण शोधण्यात पंधरा मिनिटं गेली, तेही नव्या मांडणीत हललेलं होतं. इंग्रजीत लिहायचं म्हटलं की माझा राग विनंतीअर्जात बदलतो, म्हणून आधी मराठीत उतरवून काढलं. ‘जुनी लायब्ररी दहा वर्षांच्या वापराने अंगवळणी पडली होती. डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वस्तू सापडत असे. नवी लायब्ररी दिसते छान, पण तिच्यात सापडत काही नाही. ज्यांच्यासाठी ही सोय केली म्हणता, त्यांना कुणी विचारलं नाही.’ मग ते इंग्रजीत करून पाठवलं. आठ सेकंदांत उत्तर आलं. आठ सेकंदांत! कुणीतरी माझीच वाट पाहत बसल्यासारखं. त्यात एकच वाक्य होतं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. खाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, पैकी एक निवडा.

स्वयंपाकघरात खण ओढल्याचा आवाज झाला. मग दुसरा खण. मग तिसरा. मग आई बाहेर आली.

“वाटी कुठे ठेवलीय रे?”

मागच्या दिवाळीत आम्ही ओट्याखाली ट्रॉल्या बसवून घेतल्या. आईची भिंतीवरची स्टीलची मांडणी काढली, फडताळ काढलं. सगळं आत, झाकलेलं, गुळगुळीत, हात लावला की हळूच मिटणारं. तिला वाकून शोधायला लागू नये म्हणून केलं होतं. तेव्हापासून ती रोज वाकून शोधते. चहा-साखरेचे डबे मात्र तिने आत जाऊ दिलेले नाहीत. ते अजून ओट्यावरच असतात, गॅसच्या उजव्या हाताला, चाळीस वर्षं होते तिथे. पाहुणे येणार असले की बायको ते आत ठेवते. पाहुणे गेले की ते बाहेर येतात.

आई माझ्या खांद्यावरून पडदा वाचत होती. मराठीतला मजकूर अजून उघडाच होता. तिने चष्मा पुढे ओढून तो दोनदा वाचला.

“छान लिहिलंयस,” ती म्हणाली. “कशाबद्दल आहे ते नाही कळलं, पण अगदी मनातलं लिहिलंयस. मलाही एक लिहून दे.”

मी ‘लायब्ररी’ काढून ‘ट्रॉली’ घातलं. जुनी ट्रॉली कुठली, म्हणून पहिल्या वाक्यात ‘मांडणी’ केलं. दहाचे चाळीस केले. बाकी अक्षरही बदलावं लागलं नाही.

“पाठवू कुणाला? ट्रॉलीवाल्याला?”

“त्याचा काय दोष? त्याला ज्याने सांगितलं, त्याला दे.”

मी पत्र पुन्हा वरून खालपर्यंत वाचलं. मुद्दे बिनतोड होते. आई वाटीची वाट बघत उभी होती.

“आई,” मी म्हणालो, “आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.”