स्प्रिंगशी अदबीनं वागावं

गाडीची पुढची स्प्रिंग मोडली की गाडी एका अंगाला कलते आणि दर खड्ड्याला 'टण्ण' करून दाद देते. मोडते एकच, पण बदलायच्या दोन्ही बाजूंच्या. जुनी स्प्रिंग वर्षानुवर्षं भार झेलून दबलेली असते आणि शेजारी नवी कोरी बसवली, तर गाडी सरळ उभी राहत नाही. एवढं ज्ञान व्हिडिओ बघून मिळतं. व्हिडिओतल्या माणसाचा प्रत्येक नट हलक्या हाताने सुटतो, कपडे शेवटपर्यंत स्वच्छ राहतात. त्याच्या गाडीला गंज नावाचा प्रकार माहीतच नसावा.

माझ्या गाडीला होता. गाडी जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून चाक काढलं. इथवर सगळे शूरच असतात. मग लिंक रॉडचा, म्हणजे चाकामागच्या एका जोडदांडीचा, नट. तो फिरला! मी खूश. तो फिरतच राहिला, कारण आतला बोल्टही त्याच्यासोबत फिरत होता. बोल्टच्या टोकाला ॲलन की घालून त्याला धरायचं आणि पान्याने नट सोडवायचा, असा उपाय आहे. टोकाच्या त्या भोकात किती चिखल मावतो, यावर कुणी प्रबंध लिहायला हवा.

खरी भीती पुढे. स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर एकत्र बसवलेला खांब, बाहेर काढला, तरी स्प्रिंग त्यात दाबलेलीच असते. वरचा मधला नट हा तिचा दरवाजा. ती कॉम्प्रेसरने, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराने, आवळल्याशिवाय तो उघडला, तर स्प्रिंग कुठे जाईल हे तिची तीच ठरवते. गाडीवर असताना हीच बाई 300-350 किलो सहज तोलून धरते. जेवढं दाबाल तेवढ्या जोराने ती उलटते, हा रॉबर्ट हूकचा नियम. त्याने तो 1676 साली अक्षरांची उलटापालट करून कोड्यात छापला आणि उकल 1678 साली सांगितली. म्हणजे नियमसुद्धा आधी दाबूनच ठेवला होता.

कॉम्प्रेसरचे दोन हुक समोरासमोर लावायचे आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. एका बाजूने घाई केली की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि बघणाऱ्याचं तोंड कोरडं पडतं. मी तिच्या टोकांसमोर उभा राहत नव्हतो, बाजूने, जरा वाकून, अदबीनं काम करत होतो. इतक्या हळू आवाजात मी घरातही कुणाशी बोलत नाही.

खिडकीतून विचारणा झाली, "अहो, विमा गाडीचा भरलाय की तुमचा?"

मी उत्तर दिलं नाही. अशा वेळी श्वाससुद्धा आळीपाळीनेच घ्यावा.

पुस्तकात पुढचं सगळं एका ओळीत उरकलंय: 'काढल्याच्या उलट क्रमाने बसवावे.' नव्या स्प्रिंगचं टोक खालच्या बशीतल्या खाचेत नेमकं टेकवायचं असतं. तिला ते मान्य नसतं. दुसरी बाजू मात्र लवकर झाली. तोवर बोलायचे सगळे शब्द वापरून झाले होते.

स्ट्रट सोडला की चाकांचा कोन बिघडतो, म्हणून अलाइनमेंटला जावंच लागतं. तिथला मेकॅनिक गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"काम कुणी केलंय?" त्याने आतूनच विचारलं. आवाजात कौतुक होतं की चौकशी, ते कळेना.

"आहे एक ओळखीचा," मी म्हणालो.