सगळं जाहीर, कळलं काहीच नाही

इंग्लंडमधल्या एखाद्या कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या पालिकेवर, तुम्ही निवडून आला असाल, तर अभिनंदनाचे फोन थांबायच्या आत मॉनिटरिंग ऑफिसरचा, म्हणजे सभासदांच्या आचरणाचं बघणाऱ्या कौन्सिलच्या अधिकाऱ्याचा, फॉर्म येऊन पडेल. दचकू नका. 2011 च्या लोकलिझम कायद्यानं तुम्हाला 28 दिवस दिले आहेत. तेवढ्यात आपले आर्थिक हितसंबंध लिहून द्यायचे: नोकरीधंदा, निवडणुकीच्या खर्चाला हातभार कोणाचा, कौन्सिलकडची कंत्राटं, हद्दीतली जमीन, शेअर वगैरे. ही नोंदवही वेबसाइटवर लागते आणि कोणालाही वाचता येते. वाचायचा तो स्थानिक वार्ताहर. पण स्थानिक वर्तमानपत्रंच एकेक करून बंद पडत आहेत, त्यामुळे तीही काळजी आपोआप मिटत चालली आहे.

फॉर्म भरण्याआधी थोडा इतिहास. जॉन पूलसन नावाचा एक आर्किटेक्ट होता. कामं मिळावीत म्हणून तो सरकारी नि पालिकांतल्या मंडळींना सढळ हातानं खूश ठेवायचा. 1972 मध्ये त्याचं दिवाळं वाजलं आणि सुनावणीत त्याचे कागद बाहेर आले. कोणाला काय दिलं, सगळं टिपून ठेवलेलं! गृहमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांना त्याच वर्षी खुर्ची सोडावी लागली. 1974 मध्ये स्वतः पूलसन आणि न्यूकॅसलचे एके काळचे सर्वेसर्वा टी. डॅन स्मिथ तुरुंगात गेले. या प्रकरणातून पुष्कळांनी सार्वजनिक शुचितेचा बोध घेतला. तुम्ही जरा व्यवहारी बोध घ्या. देणारा टापटिपीचा असेल, तर त्याच्याकडून काही घेऊ नका.

आता कुटुंब. कायद्याचं कुटुंब फार आटोपशीर आहे: तुम्ही आणि तुमचा जोडीदार. भाऊ, मेहुणा, साडू, व्याही, हाताशी आलेला मुलगा यांना नोंदवहीत रकानाच नाही. तेव्हा बायपासला लागून असलेला तुकडा कोणाच्या नावावर असावा, हे मी वेगळं सांगायला नको. जोडीदाराच्या बाबतीतही एक सवलत आहे. त्याचे हितसंबंध नोंदवायचे ते तुम्हाला ठाऊक असतील तरच. बायको किंवा नवरा पैशांबद्दल बोलायला लागला की उठून चहा टाकायला जायचं, ही सवय लावून घ्या. संसारही सुखाचा होतो. लोकल गव्हर्नमेंट असोसिएशन या कौन्सिलांच्या संघटनेच्या नमुना आचारसंहितेत मित्र, नातेवाईक आणि निकटचे सहकारी घुसवले आहेत हे खरं, पण ते त्यांच्याशी संबंधित विषय बैठकीत आला तर. तोवर मेहुणा निवांत.

शेअरचं तर आणखी सोपं. कंपनीचं कार्यालय किंवा जमीन तुमच्या हद्दीत असेल आणि तुमच्या शेअरची एकूण दर्शनी किंमत 25,000 पौंडांच्या वर असेल, किंवा भांडवलाच्या शंभराव्या हिश्श्याच्या वर असेल, तरच नोंद. दर्शनी किंमत बरं का, बाजारातली नव्हे. एक पेनी दर्शनी किमतीचा शेअर बाजारात पाच पौंडांना जात असेल, तर असे पंचवीस लाख शेअर, म्हणजे सव्वा कोटी पौंडांचा माल, जवळ ठेवून तुम्ही कोरा रकाना ठेवू शकता. कंपनी तेवढी मोठी हवी. हा नियम ज्यानं लिहिला त्याला मी मनोमन नमस्कार करतो.

(धमक्या येत असतील तर घराच्या पत्त्यासारखा तपशील जाहीर न करण्याची मुभा आहे. ती मात्र खरोखर गरजेची आहे, तिची थट्टा नको.)

बैठकीत अजेंड्यावर सुरुवातीलाच ‘हितसंबंध जाहीर करणे’ हा विषय असतो. तिथे गंभीर चेहऱ्यानं काहीतरी जाहीर कराच: आपण वाचनालयाचे सभासद आहोत, आपला कुत्रा त्या बागेत फिरतो. सभागृहाला तुमची सवय झाली पाहिजे. मग एखाद्या दिवशी आपल्याच हितसंबंधाचा विषय निघून खरोखरच बाहेर जायची वेळ आली, तरी कोणी वर बघणार नाही. बाहेर गेलात की दाराला काच असेल तिथे उभे राहा. काचेतून दिसणारा माणूस मतदानात भाग घेत नाही. तो फक्त दिसतो.

आता भेटवस्तू आणि पाहुणचार, म्हणजे खरा मेवा. गंमत अशी की भेटवस्तूंची नोंद ठेवा असं लोकलिझम कायदा म्हणतच नाही. ते ज्या त्या कौन्सिलच्या आचारसंहितेवर सोडलं आहे. 2007 च्या संहितेत मर्यादा 25 पौंड होती, 2020 च्या नमुना संहितेत ती 50 झाली. महागाई सगळ्यांनाच आहे. त्यातही शब्द आहे ‘अंदाजे किंमत’. अंदाज कोणाचा? तुमचा. बाटली हातात घेतानाच म्हणायचं, “अहो, हे कशाला! पंचेचाळीसेक पौंडांची असेल, नाही?” देणारा हुशार असेल तर मान डोलावेल. हुशार नसता तर बांधकामांना परवानगी देणाऱ्या प्लॅनिंग कमिटीपुढे अर्ज असताना बाटली घेऊन आलाच नसता.

बिल्डरनं फुटबॉलच्या सामन्याला खासगी बॉक्समध्ये बोलावलं तर गणित थोडं वाढतं. बॉक्सचं भाडं बारा जणांत भागा. सामना वेगळा, जेवण वेगळं, जेवणानंतरचं वेगळं. तिन्ही अंदाज पन्नासच्या आत बसले की झालं. बेरीज करायला बसलात तर तो तुमचाच हावरेपणा. एकाच माणसाकडून वर्षभरात मिळून 100 पौंडांच्या वर गेलं तरी नोंद सक्तीची करा, असं सार्वजनिक जीवनातल्या आचरणावर नजर ठेवणाऱ्या समितीनं 2019 मध्ये सुचवलं होतं. सुचवलं होतं.

आणि नाकारलेल्या भेटी! लक्षणीय भेट नाकारली तर तीही नोंदवा, असं नमुना संहिता म्हणते. ही संधी कौन्सिलर मंडळी का वाया घालवतात कळत नाही. नको असलेली प्रत्येक वस्तू बाणेदारपणे परत करा आणि तारीखवार लिहा. चार वर्षांनी मतदारानं वही उघडली तर पानभर नकारच नकार दिसतील, आणि त्यांच्या मधे कुठेतरी तो बॉक्स.

पकडले गेलात तर? आर्थिक हितसंबंध दडवणं गुन्हा आहे खरा. दंड होतो, 5 वर्षांपर्यंत अपात्रही ठरवतात. पण खटला भरायचा तो डायरेक्टर ऑफ पब्लिक प्रॉसिक्यूशन्स या सरकारी खटल्यांच्या प्रमुखाच्या मार्फतच, आणि ‘वाजवी कारण’ हा बचाव हाताशी आहेच. प्रकरण लाचेवर गेलं तर 2010 चा लाचखोरी कायदा आहे. तिथे मी तुम्हाला ओळखत नाही. बाकी सगळा नुसता संहितेचा भंग. पूर्वी स्टँडर्ड्स बोर्ड या आचरणावर देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची व्यवस्था होती, निलंबन व्हायचं. ती 2012 मध्ये गुंडाळली. त्याच 2019 च्या समितीनं 6 महिन्यांपर्यंत बिनभत्त्याच्या निलंबनाचा अधिकार मागितला, सरकारनं 2022 मध्ये नाही म्हटलं. 2024 च्या अखेरीस नव्या सरकारनं पुन्हा तोच विषय काढून लोकांची मतं मागवली, तेव्हा जे काय करायचं ते लवकर उरका.

सध्या कौन्सिलच्या हातात मुख्यतः निंदेचा ठराव, माफीची विनंती आणि प्रशिक्षण आहे. माफी लेखी द्या, दोन ओळींत, ‘गैरसमज झाला असल्यास’ हे शब्द घालून. प्रशिक्षणाला वेळेवर जा, वही न्या, मान डोलवा. दुपारच्या जेवणाची सोय असेल तर ताटाची किंमत आधी विचारून घ्या.