पैसा माझा, पण नुसता पाहायचा!

निवृत्तीनंतर थायलंडात राहायचं तर वय पन्नाशी पार हवं म्हणतात. आहे ना! साठी उलटली, गुडघेही साक्ष देतील. पण थायलंडच्या रिटायरमेंट व्हिसाला गुडघे चालत नाहीत, पासबुक लागतं. तिथल्या बँकेत 8 लाख बाट, म्हणजे आपले वीस लाखांच्या वर. नाहीतर महिन्याला 65,000 बाट उत्पन्न. जिल्हा परिषदेच्या मास्तराला एवढी पेन्शन कोण देतं बाप्पा?

बरं, पैसे नुसते दाखवून भागत नाही. वर्षाची मुदतवाढ हवी तर अर्जाआधी दोन महिने ते पडून पाहिजेत. मंजुरीनंतर तीन महिने हात लावायचा नाही. मग काढा, पण 4 लाखांखाली जायचं नाही. पुढच्या वर्षी? पुन्हा तेच! मग खायचं काय, व्हिसा?

आमची दौलत कशात? वावरात. सातबारा तिकडे कोण विचारतो? अन् महिन्याचं उत्पन्न म्हणे! कापसाचा पैसा महिन्याला येतो का? वर्षातून एकदा येतो, तोही सोसायटीचं कर्ज कापून. वावर विकायचं नुसतं म्हणून पाहा, भावकी अंगणात हजर.

तालुक्याच्या शाखेत परदेशी पैसे पाठवायचा ए-2 फॉर्म मागितला. साहेब म्हणे, "पीककर्जाचा का, काका?" मग म्हणे, नागपूरला जा. पारावरचे सल्लागार तर त्याहून भारी.

"एवढा पैसा असन तं गुरुजी, जाता कायले?"

अन् नसन तं?

"मंग तं जाताच येत नाई!"