'घरून करता ना काम, मग पगारासाठी एवढी ओरड कशाला?'

नोकरीविषयक सल्ल्याचा एक संदेश सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घरून काम करणाऱ्यांनी पगार लांबला, कापला किंवा बुडला तरी फार ताणू नये. एक तर ती सवलतीची नोकरी, करारात 'फ्रीलान्सर' लिहिलेलं, कामाचे तास मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे ट्रॅकरवर, तास कमी, शिवाय कंपनी परदेशातली. हाती काही लागत नाही, गप्प बसून पुढची नोकरी बघावी. सूर समजूतदार आहे, म्हणून लोकांना पटतो. सोय मात्र सगळी पगार बुडवणाऱ्याची होते.

सवलतीचं आधी उरकू. येण्याजाण्याचा वेळ वाचतो, मान्य. पण वीज, इंटरनेट, खुर्ची बहुतेकदा आपलीच; तो हिशेब संदेशात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी बसून मोबदल्यावर काम करणाऱ्यांसाठी 1996 मध्ये 177 क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार केला. मोबदल्यासकट अनेक बाबतींत त्यांना शक्य तितकं इतर कामगारांसारखंच वागवावं, हे त्याचं सूत्र. मोजक्याच देशांनी तो स्वीकारलाय, पण 'घरून काम म्हणजे पगार मर्जीवर' असं म्हणायला कुठेच आधार नाही.

'करारात फ्रीलान्सर लिहिलंय, विषय संपला.' हा मुद्दा जास्त फसवा. याच संघटनेची 2006 ची शिफारस सांगते, की काम प्रत्यक्षात कसं चालतं ते आधी बघा. कागदावर काय नाव दिलंय ते नंतर. फेब्रुवारी 2021 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांबाबत हेच केलं. ते स्वतंत्र व्यावसायिक आहेत, असं कंपनी सांगत होती. पण भाडं कंपनी ठरवणार, अटीही तिच्याच. तेव्हा चालक 'कामगार' ठरले, किमान वेतनाला आणि भरपगारी रजेला पात्र. आता सकाळी नऊला लॉगिन, रजेला मॅनेजरची परवानगी, दुसरीकडे काम घ्यायला बंदी, असं ज्याचं चालतं तो कसला फ्रीलान्सर? आणि खराखुरा फ्रीलान्सर असला तरी त्याचं बिल बुडवायची मुभा कुणी दिली? न्यूयॉर्क शहरात 2017 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार, तारीख ठरलेली नसेल तर काम संपल्यापासून 30 दिवसांत पैसे द्यावे लागतात.

ट्रॅकरबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. माउस हलला, कीबोर्ड वाजला की 'अ‍ॅक्टिव्ह', नाहीतर 'आयडल'. लांबलचक करार शांतपणे वाचला, चिडलेल्या क्लायंटची फोनवर समजूत काढली, वहीत आकृती काढून चूक शोधली, तर त्या वेळेची नोंद शून्य. महिनाअखेरीला तोच आलेख दाखवून तास कापतात. उलट बाजूने एक दाखला देता येईल: जानेवारी 2023 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एका न्यायाधिकरणाने घरून काम करणाऱ्या अकाउंटंटला सुमारे 50 तासांचा पगार परत करायला लावला, तोही ट्रॅकरच्या नोंदींवरून. पण तिथे नुसता आलेख नव्हता. टाइमशीटमध्ये भरलेले तास त्या-त्या फाइलवरच्या कामाशी जुळत नव्हते. कागदावर काम केल्याचा खुलासाही प्रिंटिंगच्या नोंदी बघून मगच फेटाळला गेला. एवढी पडताळणी पगार कापणारे किती जण करतात?

म्हणून नोंदी आपल्याकडेही हव्यात. ऑफर लेटर नसलं तरी आधीच्या महिन्यांत बँकेत जमा झालेली रक्कम, काम सोपवल्याचे मेसेज, टाइमशीट, 'पगार पुढच्या आठवड्यात करतो' असं लिहिलेला मेल, हे सगळं कामी येतं. गोम अशी, की भांडण झालं की पहिल्यांदा आपलं लॉगिन बंद होतं. तेव्हा पगाराबद्दलचे मेल वेळीच जपून ठेवा. क्लायंटच्या फाइलींना मात्र हात लावू नका, नाहीतर उलट तुमच्यावरच आरोप व्हायचा.

'लॅपटॉप परत आला नाही म्हणून पूर्ण पगार रोखला' हेही त्या संदेशात रास्त ठरवलंय. वेतन संरक्षणाचा 1949 चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो, की पगारातून कपात करायची तर ती देशाच्या कायद्याने, कामगार संघटना आणि मालकांमधल्या सामूहिक कराराने किंवा लवादाच्या निवाड्याने घातलेल्या मर्यादेतच. मॅनेजरला राग आला, हे त्यात बसत नाही.

परदेशी कंपनीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. निकाल लागला तरी वसुली अवघड जाते. पण पगार नेमका कुणाच्या खात्यातून येतो ते आधी तपासा. बरेचदा मधली एक कंपनी तुमच्याच देशात नोंदलेली निघते. युरोपीय संघाचा 2008 चा नियम तर असा, की करारात कुठल्याही देशाचा कायदा लिहिला असला तरी कर्मचारी एरवी जिथे काम करतो तिथलं सक्तीचं संरक्षण काढून घेता येत नाही.

राहता राहिलं 'गप्प बसा'. तक्रारीला बऱ्याच देशांत मुदत असते, काही ठिकाणी जेमतेम काही महिने. 'बघू, देतील' म्हणत ती निघून जाते, आणि पगार टोलवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. कुठल्या महिन्याचे, किती पैसे, कोणत्या तारखेपर्यंत, एवढाच चार ओळींचा मेल आजच पाठवा, आणि त्याची एक प्रत स्वतःच्या खासगी ईमेल पत्त्यावर ठेवा.