शून्यापासून राज्यशास्त्र

कॅलिफोर्नियात 116 सरकारी कम्युनिटी कॉलेजे आहेत आणि राज्याच्या रहिवाशाला तिथे एका युनिटमागे 46 डॉलर फी पडते. तीन युनिटांचा अमेरिकन शासनव्यवस्थेचा कोर्स म्हणजे 138 डॉलर झाले. प्रवेशपरीक्षा नाही, गुणवत्ता यादी नाही, डोनेशन नाही. वय अठरा झालेले असले आणि वर्षभर आणि वर एक दिवस या राज्यात राहिल्याचा पुरावा दाखवला, की याच फीमध्ये प्रवेश मिळतो. ज्यांनी मुलांच्या अकरावीच्या प्रवेशासाठी कट-ऑफच्या याद्यांपुढे ताटकळत उन्हाळे काढले आहेत, त्यांना हा प्रकार संशयास्पदच वाटणार. ज्याअर्थी आत इतके सहज घेतात, त्याअर्थी खरी परीक्षा आत गेल्यावर असणार, अशी मला शंका होती आणि ती अनाठायी नव्हती.

मी सांगलीकडच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवत असे. हा विषय आपल्याकडे इतिहासाच्या पाठीवर बसून परीक्षेला जातो आणि इतिहासाच्या तासांतून जो वेळ उरेल त्यात उरकला जातो, हे त्या वाटेने गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. त्यामुळे इथल्या कॉलेजात नाव घातल्यावर राज्यशास्त्र मी हक्काने घेतले. पायथन या संगणकभाषेतले प्रोग्रामिंग घेतले ते नवऱ्याच्या भरवशावर. पंचवीस वर्षे याच कामाचा पगार घेणारा माणूस "अगं, पायथन एकदम सोपं असतं" असे म्हणाला, तेव्हा त्याला स्वतःला ते सोपे आहे एवढाच त्या वाक्याचा अर्थ होता, हे मी ओळखायला हवे होते. दोन्ही वर्ग एकाच संध्याकाळी पाठोपाठ असत आणि मधल्या दहा मिनिटांत मला एका मेंदूचे दप्तर रिकामे करून दुसरे भरावे लागे.

राज्यशास्त्राच्या वर्गात माझ्या एका बाजूला हायस्कूलमध्ये शिकत असतानाच कॉलेजचे क्रेडिट कमावणारा सोळा वर्षांचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. प्रोफेसरांचा आग्रह असा, की सर्वांनी त्यांना पहिल्या नावाने हाक मारावी. सोळा वर्षांचे पोर ते बिनदिक्कत करी. माझी जीभ काही त्याला धजेना, म्हणून त्यांची नजर माझ्याकडे वळेपर्यंत मी नुसती हात वर करून बसे.

पण खरी अडचण नावाची नव्हती, उत्तरांची होती. आपल्याकडे "कारणे द्या" या प्रश्नालाही ठरलेली कारणे असतात, ती गाईडमध्ये छापलेली असतात आणि दोन कारणांना दोन गुण मिळतात. इथे मी सांगितले, की सिनेटमध्ये 100 सदस्य असतात, प्रत्येक राज्याचे दोन. प्रोफेसर प्रसन्न झाले आणि म्हणाले, "बरोबर. सुमारे चार कोटी लोकांच्या कॅलिफोर्नियाला दोन आणि सहा लाखही लोक नसलेल्या वायोमिंगला दोन, हे तुम्हाला योग्य वाटते का?" मला काय वाटते, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कुठेच नव्हते. मी योग्य नाही म्हटले, तर त्यांनी लहान राज्यांची बाजू घेतली. पुढच्या तासाला मी लहान राज्यांच्या बाजूने बोलले, तर ते मोठ्या राज्यांच्या गोटात जाऊन बसले. ज्या वर्गात शिक्षकच दर आठवड्याला पक्षांतर करतो, तिथे विद्यार्थ्याने निष्ठा तरी कोणावर ठेवायची?

त्यांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट मात्र स्वतःहून सांगितली. 1982 साली टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने एक निबंध लिहिला, की 1789 मध्ये मांडलेली आणि खासदारांच्या पगारवाढीला लगाम घालणारी एक घटनादुरुस्ती अजून कायद्याने जिवंत आहे आणि राज्यांनी मनावर घेतले तर ती आजही मंजूर होऊ शकते. निबंधाला सी मिळाला. वॉटसन पेटला, राज्याराज्यांच्या विधिमंडळांना पत्रे लिहीत सुटला आणि 1992 मध्ये ती सत्ताविसावी घटनादुरुस्ती म्हणून खरोखर मंजूर झाली. विद्यापीठाने 2017 साली त्याचा सी बदलून ए केला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांपुढे ही गोष्ट सांगण्यातला धोका प्रोफेसरांच्या लक्षात आला तो पहिले निबंध तपासून परत दिल्यावर, कारण ज्याला ज्याला सी मिळाला त्याने "थांबा, पस्तीस वर्षांनी कळेल" अशा नजरेने त्यांच्याकडे पाहिले. मीही पाहिले. फक्त पस्तीस वर्षे थांबण्याइतकी सवड माझ्याकडे नव्हती.

प्रोग्रामिंगच्या वर्गात वाद घालायला कोणीच नव्हते, हे त्याहून वाईट होते. एकाखाली एक ओळी किती जागा सोडून लिहायच्या, यावर पायथनचे मत ठाम असते आणि ते निबंधातले मुद्दे ऐकून घेत नाही. शिवाय तिथे मोजणी शून्यापासून सुरू होते. अमेरिकेच्या सर्व 27 घटनादुरुस्त्यांची मी एक यादी तयार केली, म्हणजे दोन्ही विषयांचा अभ्यास एकदमच होईल, असा माझा गृहिणीला शोभणारा हिशोब होता. यादीतली 1 क्रमांकाची दुरुस्ती मागितली, म्हणजे भाषणस्वातंत्र्य, तर पडद्यावर शस्त्रे बाळगण्याचा अधिकार आला, कारण पहिली दुरुस्ती शून्य क्रमांकावर बसली होती. सत्ताविसावी मागितली, तर अशी वस्तू यादीतच नाही, असा एरर आला. वॉटसनने दहा वर्षे पत्रे लिहून मिळवलेली दुरुस्ती पायथनने एका ओळीत नामंजूर केली.

शेवटच्या प्रोजेक्टसाठी विषय आपणच निवडायचा होता आणि निकाल खऱ्या आकडेवारीशी पडताळून दाखवायचा होता. मी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा प्रोग्राम लिहायचे ठरवले. वरवर काम किरकोळ होते. इथे अध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी ठरत नाही, तर राज्ये इलेक्टर नावाचे प्रतिनिधी निवडतात आणि त्यांची मते मोजली जातात. संसदेत राज्याचे जितके सदस्य, तितके त्याचे इलेक्टर. प्रतिनिधिगृहाचे 435, सिनेटचे 100 आणि 1961 च्या तेविसाव्या दुरुस्तीने राजधानीला दिलेले 3, अशी 538 मते. राज्यात जो पुढे, त्याला त्या राज्याची सगळी मते. ज्याला 270 मिळाली, तो अध्यक्ष. मी 2016 सालची आकडेवारी भरली आणि प्रोग्राम चालवला. उत्तर आले ट्रम्प 305, क्लिंटन 233. देशभर मिळून क्लिंटन यांना 28 लाखांहून जास्त मते अधिक मिळाली होती, त्याबद्दल संगणकाने चकार शब्द काढला नाही, कारण मी त्याला ते विचारलेच नव्हते. राज्यघटनाही विचारत नाही.

पण 305 हा आकडा त्या निवडणुकीच्या कोणत्याच कागदावर नव्हता. शोधता शोधता कळले, की मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सगळी मते एकाला देत नाहीत. तिथे दोन मते राज्यभरातल्या विजेत्याला जातात आणि उरलेली एकेका मतदारसंघाच्या विजेत्याला. मेनचे एक मत ट्रम्प यांच्याकडे गेले होते. त्या दोघांसाठी वेगळी अट लिहिली, आकडा 306 आणि 232 झाला आणि मी समाधानाने प्रोग्रामिंगच्या बाईंना दाखवायला नेला. त्यांनी अधिकृत निकाल उघडला आणि शांतपणे सांगितले, की तिथे 304 आणि 227 आहेत. "तुमच्या प्रोग्राममध्ये बग आहे."

बग प्रोग्राममध्ये नव्हता. त्या वर्षी सात इलेक्टरांनी आपल्या राज्याने निवडलेल्या उमेदवाराला सोडून भलत्यालाच मत दिले होते. वॉशिंग्टन राज्यातल्या तिघांनी तर माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांना दिले, जे निवडणुकीला उभेच नव्हते. मी बाईंना म्हटले, "माझे उत्तर बरोबर आहे, चुकले आहेत ते इलेक्टर." त्या म्हणाल्या, प्रोग्राम वास्तवाशी जुळला पाहिजे. तीच तक्रार घेऊन मी राज्यशास्त्राच्या प्रोफेसरांकडे गेले, तर त्यांना अत्यानंद झाला. इलेक्टरने राज्याचे ऐकावे की सदसद्विवेकबुद्धीचे, यावर किमान पाचशे शब्द लिहून आणा म्हणाले, आणि त्यात 2020 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही घ्या, ज्यात राज्यांना अशा इलेक्टरांवर बंधन घालण्याची मुभा मिळाली. म्हणजे एका वर्गात गुण जाण्याची भीती होती, तर दुसऱ्या वर्गात गृहपाठ वाढला.

जमा करायच्या आदल्या रात्री नवऱ्याने प्रोग्राम पाहायला घेतला. पहिला प्रश्न व्यावसायिक होता. "538 ही सम संख्या आहे. 269-269 झाले तर?" मी सांगितले, की मग प्रतिनिधिगृह अध्यक्ष निवडते, पण तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असते, त्यामुळे कॅलिफोर्नियाचे 52 जण मिळून एक आणि वायोमिंगचा एकटा एक. "असं कधी होणारच नाही, ती केस सोडून दे," असे तो म्हणाला. 1800 च्या निवडणुकीत जेफर्सन आणि बर यांना 73-73 मते पडली होती आणि गृहाला 36 वेळा मतदान करावे लागले होते, हे मी त्याला ऐकवले. त्यानुसार मी लूप लिहिला होता, की 26 राज्ये एका बाजूला येईपर्यंत मतदान घेत राहा. तो चालवल्यावर लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला आणि थांबेचना.

"लूपमधून बाहेर पडायची अट कुठाय?"

"विसाव्या दुरुस्तीत. 1933 साली घातली. 20 जानेवारीच्या दुपारपर्यंत अध्यक्ष ठरला नाही, तर निवडून आलेला उपाध्यक्ष तात्पुरता कारभार पाहतो."

"आणि उपाध्यक्षही ठरला नसेल तर?"

"त्याची निवड सिनेट करते. 51 मते लागतात."

"आणि सिनेट 50-50 वर अडली तर?"

"तर 1947 च्या कायद्याने प्रतिनिधिगृहाचे स्पीकर."

नवरा बराच वेळ एकात एक गुंतलेल्या त्या अटी खाली-वर करत राहिला. मग, प्रत्यक्ष वापरात असलेल्या प्रोग्रामबद्दल त्याच्या धंद्यात विचारतात तसे, त्याने अगदी हळू आवाजात विचारले, "हे सगळं प्रॉडक्शनमध्ये चालू आहे?"

"1789 पासून," मी म्हटले. "आत्तापर्यंत 27 पॅच झालेत."